छप्पर सावरणे (माळ्यातून)

उतरत्या कौलारू छपराचे वासे (उतारावरची तिरपी लाकडे) किंवा आढे (माथ्याचे आडवे लाकूड) भाराने वाकले असता, कौले न उतरवता, माळ्यातून नवे लाकूड वा लोखंड जोडून त्यांना बळकटी देण्याचे काम. कोल्हापूरच्या जुन्या पेठांत घराला घर लागून असल्याने बाहेरून परांची बांधणे अवघड जाते. तेथे ही पद्धत सोयीची ठरते.

मंगलोरी कौलाचे वजन साधारण २ ते ३ किलो असते आणि एका चौरस मीटरला अशी सुमारे १५ कौले लागतात. पावसात भिजून हे वजन वाढते. सततच्या भाराखाली लाकूड वर्षानुवर्षे थोडे थोडे वाकत जाते. त्यात गळतीने भिंतीतली टोके कुजतात किंवा वाळवी लागते. मात्र पुष्कळदा खोट वाशात नसून भिंतीत असते. समोरासमोरचे वासे भिंतींना बाहेर रेटतात, भिंती फाकल्या की आढे खाली बसते. मातीत बांधलेल्या ज्या भिंतींत २०१९ सारख्या महापुराचे पाणी मुरले, त्यांच्याबाबत ही शंका आधी घ्यावी.

भिंती फाकल्या असतील, तर दोन्ही बाजूंच्या वाशांचे पाय आडव्या लाकडाने किंवा लोखंडी सळईने एकमेकांना बांधणे हाच खरा उपाय होय. ही बांधणी जितकी खाली, तितकी परिणामकारक. वासाच कमजोर असेल, तर त्याच्या बगलेला भिंतीपासून आढ्यापर्यंत अखंड जोडवासा लावून दोन्ही आरपार बोल्टांनी आवळतात. जोडवासा उभा धरलेला बरा, कारण लाकडाची रुंदी दुप्पट केल्यास ताठपणा दुप्पट होतो, पण उंची दुप्पट केल्यास तो आठपट होतो. वासे फार लांब असतील, तर त्यांच्या मध्याखाली आडवी तुळई घालून तिला तिरपे धिरे (आधाराची लाकडे) देतात. धिऱ्याचा पाय भार पेलणाऱ्या भिंतीवरच टेकला पाहिजे. तक्तपोशीवर (माळ्याच्या फळ्यांवर) टेकलेला धिरा छपराचा बाक माळ्याला देतो, एवढेच.

जोडण्यापूर्वी छप्पर स्क्रू जॅकने काही दिवसांत, थोडे थोडे उचलतात. घाई केल्यास कौले तडकतात आणि सांधे उखळतात. पूर्वीची सरळ रेषा मिळवण्याचा हट्टही धरू नये; बाक वाढायचा थांबला तरी काम झाले. हे सारे मृगापूर्वीच्या कोरड्या दिवसांत, शाकारणीला (कौले नीट लावून घेण्याच्या कामाला) जोडून करणे सोयीचे. भिंत ओळंब्यात (सरळ उभी) नसेल किंवा आढेच तडकले असेल, तर आधी टेकू देऊन स्थापत्य अभियंत्याला दाखवावे. अशा वेळी कौले उतरवावी लागण्याची शक्यता असते.