कुत्र्याची जुनी हगवण: दुखणं लहान आतड्याचं की मोठ्या?

वावरात राखणीला असलेलं कुत्रं महिनाभर पातळ हगतंय म्हटलं की घरात एकच निदान होतं, पोट बिघडलंय. मग कुणी ताक पाजतं, कुणी मेडिकलमधून माणसांची जुलाबाची गोळी आणतं. पण तीन आठवड्यांहून जास्त टिकलेली, किंवा थांबून थांबून परत येणारी हगवण ही दोन अगदी वेगळी दुखणी असू शकतात. लहान आतड्यात अन्न पचतं आणि अंगी लागतं. मोठ्या आतड्यात मुख्यतः पाणी शोषलं जातं आणि विष्ठा बांधली जाते. बिघाड कुठल्या आतड्यात आहे ते बऱ्याचदा विष्ठेवरूनच कळतं, एक पैसाही खर्च न करता.

अडचण एवढीच की गावातलं कुत्रं मोकळं असतं. ते धुऱ्यावर जातं की नाल्याकाठी, कुणी बघत नाही. म्हणून तीन दिवस त्याला दोरीवर ठेवावं, पहाटे आणि सांजेला सोबत जावं आणि किती वेळा गेलं, दर वेळी किती पडलं, हे लिहून ठेवावं. डॉक्टरला या नोंदीचा जेवढा उपयोग होतो तेवढा ‘लई दिवसापासून खराब आहे’ या वाक्याचा होत नाही.

लहान आतड्याचं दुखणं असेल तर कुत्रं दिवसातून तीन-चारदाच जातं, पण दर वेळी ढीग पडतो. घाई नसते, कुंथणं नसतं. पोट गुरगुरतं, अधूनमधून उलटी होते. रक्त असलंच तर ते वाटेत पचून काळं होतं आणि विष्ठा डांबरासारखी चिकट पडते. मुख्य खूण अंगावर दिसते. खाणं चालू असून बरगड्या आणि पाठीचे मणके वर येतात, केस रुक्ष होतात.

मोठ्या आतड्याचं याच्या उलट. दिवसातून सहा-आठ वेळा, रात्रीही, आणि दर वेळी चमचा-दोन चमचे. कुत्रं पाठ वाकवून कुंथतं, उठतं, दोन पावलं जातं, परत बसतं. विष्ठेला आव लागलेली असते, शेवटी ताज्या लाल रक्ताचे थेंब पडतात. अंग मात्र भरलेलं राहतं आणि शेपटी हलतीच असते.

इथेच माणसं फसतात. लाल थेंब दिसला की घाबरून तालुक्याला गाडी निघते, आणि काही न दाखवता वाळत चाललेल्या कुत्र्याला ‘उन्हाळ्यानं खंगलं’ म्हणून सोडून देतात. आमच्या मते घाई व्हायला हवी ती दुसऱ्यासाठी. मोठ्या आतड्याचं दुखणं आधी मालकाला थकवतं: ओसरी रोज धुवायची, रात्री दोनदा उठून दार उघडायचं, घरच्यांची बोलणी खायची, शेवटी कुत्रं गोठ्यामागे बांधायचं. लहान आतड्याचं दुखणं मात्र कुत्र्यालाच संपवत नेतं आणि घराला बरेच दिवस त्रास होत नाही. त्यामुळेच उशीर होतो.

आणखी एक नेहमीची चूक म्हणजे कुंथतंय म्हणून बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजणं. मोठं आतडं सुजलेलं असताना त्यानं आग वाढते. खरं बद्धकोष्ठ बहुधा हाडं चघळणाऱ्या कुत्र्यात होतं, तेव्हा विष्ठा पांढरट, कोरडी, हातानं चुरा होईल अशी पडते. काळ्या विष्ठेचंही तसंच. गाय व्याल्यावर कुत्र्यानं वार खाल्ली, खाटकाकडचं रक्त चाटलं किंवा लोहाचं टॉनिक चालू असलं तरी ती काळी होते. शंका असेल तर ओल्या पांढऱ्या कागदावर थोडी ठेवून पाहावी. भोवती तांबूस डाग पसरला तर रक्त समजावं. सोबत ओठ उचलून हिरड्या बघाव्यात. गुलाबीऐवजी पांढऱ्या असतील तर त्याच दिवशी दवाखाना.

हिरड्या पांढऱ्या पडण्यामागे आपल्याकडे अनेकदा हूकवर्म, म्हणजे अंकुशकृमी असतात. ते लहान आतड्याला चिकटून रक्त पितात. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला व्हिपवर्म, म्हणजे चाबकासारखे दिसणारे जंत राहतात. त्यांची लागण झाल्यापासून विष्ठेत अंडी दिसायला सुमारे तीन महिने लागतात, पुढेही ती रोज पडत नाहीत. म्हणून एका तपासणीत ‘जंत नाहीत’ आलं तरी विषय संपत नाही. नमुना सुपारीएवढा, मातीला न टेकलेल्या वरच्या भागातला, कोरड्या डबीत घ्यावा आणि काही तासांत पोचवावा. उन्हात दिवसभर राहिला तर हूकवर्मची अंडी फुटून अळ्या निघतात आणि तपासणी गोंधळते. एक दिवसाआड तीन नमुने दिले तर उत्तम.

औषध म्हणून फेनबेंडाझोल दोन्ही जंतांवर चालतं: किलोला 50 मिलिग्रॅम, रोज एकदा, सलग तीन दिवस. 15 किलोच्या कुत्र्याला दिवसाला 750 मिलिग्रॅम. व्हिपवर्मचा संशय असेल तर तीन आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी हाच क्रम परत. वजन अंदाजानं ठरवू नये. कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहावं आणि आपलं वजन वजा करावं. शेळ्यांसाठी आणलेलं अल्बेंडाझोल उरलंय म्हणून कुत्र्याला पाजू नये, जास्त मात्रा किंवा जास्त दिवस झाले तर हाडांतल्या मज्जेवर परिणाम होऊन रक्तपेशी घटतात.

जंत नसतील तर पुढची पायरी आहाराची. आधी दूध बंद. वाढ झालेल्या कुत्र्याला दुधातली साखर बऱ्याचदा नीट पचत नाही, आणि निव्वळ एवढ्यानं थांबलेली हगवण काही कमी नाही. मग दोन आठवडे एकच धान्य आणि एकच प्रथिन, तेही कुत्र्यानं आजवर फारसं न खाल्लेलं. कोंबडी नेहमीची असेल तर मासा, मासा नेहमीचा असेल तर अंडं. 15 किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 400 ग्रॅम शिजलेला भात आणि 200 ग्रॅम बिनकाट्याचा, बिनहाडाचा उकडलेला भाग, तीन-चार वेळांत वाटून. अन्न सोसत नाही म्हणून होणारी हगवण बहुधा याच मुदतीत सुधारते. महिनोन्‌महिने मात्र हेच चालवू नये, यात कॅल्शियम फार कमी पडतं. गावात प्रयोग फसतो तो भाताच्या मापानं नाही. शेजारची शिळी भाकर आणि तेरवीच्या पत्रावळी तो फसवतात. दोन आठवडे कुत्रं बांधूनच हवं आणि शेजाऱ्यांना तसं सांगितलेलं हवं.

इसबगोलानं मोठ्या आतड्याच्या दुखण्यात बऱ्यापैकी आराम पडतो: मध्यम कुत्र्याला रोज एक-दोन चहाचे चमचे, ओल्या अन्नात भिजवून, सोबत भरपूर पाणी. तोच इसबगोल लहान आतड्यामुळे वाळलेल्या कुत्र्याला दिला तर पोट भरतं आणि अंगी आणखी कमी लागतं. अशा कुत्र्यात बऱ्याचदा बी 12 हे जीवनसत्त्व कमी झालेलं असतं. त्याची इंजेक्शनं सहसा आठवड्याला एक अशी सहा आठवडे देतात. हे भरून काढलं नाही तर बाकी उपचार लागू पडत नाहीत.

जर्मन शेफर्ड किंवा त्याचा संकर अधाशासारखा खातो, स्वतःची विष्ठाही खातो, वाळतच जातो आणि फिकट, तेलकट पो टाकतो, तेव्हा आतड्याआधी पाचकरस बनवणाऱ्या स्वादुपिंडाचा संशय घ्यावा. तपासणीचं रक्त 12 तास उपाशी ठेवून काढतात आणि शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवतात. निदान पक्कं झालं तर पाचकद्रव्याची पूड दर जेवणात मिसळायची, जन्मभर. कोटिंगवाल्या गोळ्या यात कमी पडतात.

मेट्रोनिडाझोल हे जीवाणू मारणारं औषध दर वेळी हाताशी असतं म्हणून देऊ नये. चार दिवस बरं वाटतं, पोटातले चांगले जीवाणू मरतात आणि हगवण परत येते. वजन दहावा हिस्सा घटलं, पोट किंवा पाय सुजले, अन्न सुटलं, तर घरगुती प्रयोग तिथेच थांबवावेत. अशा हगवणीत सूज म्हणजे बहुधा आतड्यातून प्रथिनं गळतायत. अशा वेळी गावातल्या दवाखान्याची चिठ्ठी घेऊन नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात किंवा अकोल्याच्या पदव्युत्तर पशुवैद्यक संस्थेत जावं. जाताना विष्ठेची नोंद, वजनं आणि दिलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं सोबत असावीत, मजुरीचा दिवस एकदाच बुडतो.

घरात लहान मुलं असतील तर विष्ठा रोज उचलून खोल पुरावी, पावसाळ्यात तर नक्कीच. ओल्या मातीत हूकवर्मच्या अळ्या आठवडाभरात तयार होतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात. मुलाच्या तळव्यावर खाज येणारी, रोज थोडी पुढे सरकणारी वेडीवाकडी लाल रेघ दिसली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावं, आणि घरच्या कुत्र्याला जुनी हगवण आहे हे तिथल्या डॉक्टरांना सांगावं.