जीपीएस लॅपटॉपला लावला आणि होडी विजयदुर्गला पोचली

जुलैमधे मासेमारी बंद, रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात सगळ्या होड्या जेटीला बांधलेल्या, त्यामुळे काकांच्या ट्रॉलरच्या केबिनमधे बसून जुन्या लॅपटॉपशी खेळायला वेळच वेळ. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा यूएसबी जीपीएस रिसिव्हर घेतला होता, म्हटलं ह्यावर चार्ट, म्हणजे समुद्राचा नकाशा, चालवून बघूया.

लावला आणि माऊसचा बाण अंगात आल्यासारखा नाचायला लागला, खिडक्या उघडतायत काय, बंद होतायत काय, काका म्हणे व्हायरस घुसला. व्हायरस बियरस काही नाही. असा रिसिव्हर कॉम्प्युटरला जुन्या सिरीयल पोर्टसारखा (यूएसबीच्या आधीची वायर जोडायची जागा) दिसतो आणि कोणी न विचारता बोलत सुटतो, पूर्वी माऊसपण ह्याच पोर्टवर असायचे, म्हणून कॉम्प्युटरला वाटतं हा माऊसच आला. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधे जाऊन तो खोटा माऊस डिसेबल केला की बाण गप्प. (खरा करू नका, मी केला होता.)

तिथेच कॉम पोर्टचा, म्हणजे त्या सिरीयल पोर्टचा, नंबर बघून घ्यायचा आणि टर्मिनल प्रोग्रॅममधे (पोर्टवर येईल ते जसंच्या तसं दाखवणारा) ४८०० बॉडला उघडायचा, बॉड म्हणजे बोलायचा वेग. दर सेकंदाला डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या, स्वल्पविरामांनी तोडलेल्या ओळी पडायला लागतात. ही एनएमईए ०१८३, होडीवरच्या यंत्रांची आपसातली बोली, १९८३ पासूनची.

माझ्या ओळीत मात्र स्वल्पविरामांच्या मधे, जिथे जागेचे आकडे हवेत तिथे, काहीच नव्हतं. जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किमी वर, सिग्नल अगदी क्षीण, आणि माहिती येते सेकंदाला फक्त ५० बिट. स्वतःची कक्षा सांगायला उपग्रहाला अर्धा मिनिट लागतो, मधेच तुटलं की परत थांबा, आणि जागा काढायला असे चार तरी ऐकू यायला हवेत. केबिनला वरून पत्रा, ऐकू येणार कुठून! शेवटी रिसिव्हर श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालून टपावर ठेवला, प्लास्टिक सिग्नल अडवत नाही आणि पाऊसही आत जात नाही, दोन मिनिटात आकडे आले.

अक्षांश १६५९.७०, रेखांश ०७३१६.७०. मी शहाणा, दोन आणि तीन आकड्यांनंतर टिंब सरकवलं, १६.५९७ आणि ७३.१६७ असं नकाशात टाकलं तर होडी थेट विजयदुर्गसमोरच्या समुद्रात! काका बघून म्हणाले, "आयला, नांगर न उचलता कसे रे पोचलो?"

घोळ असा की पहिले दोन आकडे अंश (रेखांशाला तीन) आणि पुढचं सगळं मिनिटं, म्हणजे १६ अंश ५९.७० मिनिटं. मिनिटांना ६० ने भागायचं, ५९.७० चे झाले ०.९९५, म्हणून खरा अक्षांश १६.९९५. एवढ्याशा चुकीने साधारण ४६ किमीचा फरक. ओपनसीपीएनसारखं फुकट चार्ट सॉफ्टवेअर हा हिशोब स्वतःच करतं, त्याला फक्त पोर्ट आणि बॉड सांगायचं, पण ओळी स्वतः वाचायची खाज असेल तर वेळेकडेपण बघा, ती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवायचे, आणि वेग नॉटमधे, म्हणजे तासाला किती सागरी मैल. काकांना तो न समजावताच कळला, जेटीवर बांधलेल्या होडीचा ०.१ नॉट दिसल्यावर म्हणाले, "हिची दोरी सैल झाली काय बघ जरा." दोरी ठीक होती, आकडाच तेवढा डुलत असतो.