शून्य मिलिमीटरची मुभा

पाठीच्या कण्यात स्क्रू बसवताना किती चुकलं तर चालेल, याचं भूमितीय गणित २००१ साली एका शोधनिबंधात मांडलं गेलं. कमरेच्या पाचव्या मणक्यात ३.८ मिलिमीटर आणि १२.७ अंश. छातीच्या पाचव्या मणक्यात शून्य मिलिमीटर आणि शून्य अंश.

शून्य चूक माणसाला जमत नाही आणि यंत्रालाही नाही. तरी छातीच्या मणक्यांत रोज स्क्रू बसतात आणि बहुतेक रुग्ण स्वतःच्या पायांनी चालत घरी जातात. हा हिशेब जुळतो कसा, ते कळायला मणका हातात घेऊन बघावा लागेल. पुढे भरीव हाडाचा ठोकळा, मागे हाडाची कमान, दोहोंमधल्या पोकळीतून जाणारा मज्जारज्जू. ठोकळा आणि कमान यांना जोडणारे डावे-उजवे दोन आखूड खांब म्हणजे पेडिकल. स्क्रू पाठीकडून शिरतो, या खांबाच्या पोटातून जातो आणि पुढच्या ठोकळ्यात रुततो. खांबाच्या आतल्या बाजूला मज्जारज्जू, खाली हातापायांकडे किंवा फासळ्यांकडे जाणारी नस आणि ठोकळ्याच्याही पुढे महाधमनी. कमरेच्या शेवटच्या मणक्यात हा खांब अंगठ्याएवढा जाड असतो. छातीच्या मध्यावर तो बऱ्याच जणांत जेमतेम चार-पाच मिलिमीटर रुंद असतो आणि आत जाणारा स्क्रूही साधारण तेवढाच जाड. मुभा उरणार कुठून?

वाचवते ती शरीराची रचना. हाड आणि मज्जारज्जू यांच्यामध्ये चरबी आणि द्रवाची पातळ गादी असते. गर्त्झबाइन आणि रॉबिन्स या संशोधकांनी १९९० मध्ये असं मांडलं, की स्क्रू आतल्या बाजूला चार मिलिमीटरपर्यंत गेला तरी तो बहुधा निभावून जातो. चार मिलिमीटर म्हणजे पाचेक एटीएम कार्डं एकावर एक ठेवल्यावर होते तेवढी जाडी. स्क्रूची जागा मोजण्याची आजची पद्धत त्यांच्याच नावाने चालते: पूर्ण आत असेल तर ए, दोन मिलिमीटरपेक्षा कमी बाहेर डोकावला तर बी, आणि पुढे दर दोन मिलिमीटरला एक अक्षर.

पॅरिसचे सर्जन रॉय-कॅमिय यांनी १९६३ मध्ये पेडिकलमधून स्क्रू घालायला सुरुवात केली, तेव्हा संगणकाचा प्रश्नच नव्हता. आजही कितीतरी सर्जन हातानेच काम करतात. हाडावरच्या खुणा बघून टोच्याने छिद्र पाडायचं, मग बोथट सळई हलकेच फिरवत आत सरकवायची. खांबाच्या आतलं हाड जाळीदार असतं, खारी बिस्किटासारखं कुरकुरत वाट देतं. ही कुरकुर थांबून हात एकदम सैल आत गेला, की भिंत फुटली असं समजायचं. शेवटी टोकाला बारीक गोळी असलेल्या तारेने चारही भिंती आणि तळ चाचपायचा. ही तार फिरवणाऱ्याचे डोळे बऱ्याचदा छताकडे असतात, कारण सगळी माहिती बोटांतूनच येते.

संगणकाचं मार्गदर्शन मेंदूच्या शस्त्रक्रियेतून आलं आणि १९९० च्या दशकाच्या मध्यावर कण्यात उतरलं. मणक्याच्या मागच्या काट्याला चिमट्याने एक चौकट घट्ट बसवतात. तिच्यावर चकाकणारे छोटे गोळे असतात, तसेच गोळे सळईवर आणि ड्रिलवरही. अवरक्त किरणांचा कॅमेरा ते सगळे टिपतो आणि हत्याराचं टोक हाडात कुठे आहे, ते सीटी स्कॅनच्या चित्रावर दाखवतो. या नॅव्हिगेशनला जो तो जीपीएसची उपमा देतो. मला ती अर्धीच पटते. जीपीएसचा उपग्रह कुणाच्या कोपराच्या धक्क्याने हलत नाही.

मग खरंच फरक पडतो का? फिनलंडमध्ये १०० रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी करून केलेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. हाताने बसवलेल्यांपैकी १३.४ टक्के स्क्रूंनी खांबाची भिंत भेदली होती, संगणकाच्या मदतीने बसवलेल्यांपैकी ४.६ टक्के. चार मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर गेलेले स्क्रू पहिल्या गटात चार होते, दुसऱ्यात एकही नाही.

त्याहून बोलका अभ्यास आपल्या देशातला. कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये डॉ. राजशेकरन आणि सहकाऱ्यांनी कणा वाकलेले किंवा कुबड असलेले ३३ रुग्ण घेतले. अशा कण्यात मणके स्वतःभोवती पिळलेले असतात, त्यामुळे नेहमीच्या खुणा हमखास फसवतात. छातीच्या मणक्यांत हाताने बसवलेल्या स्क्रूंपैकी २३ टक्के भिंतीबाहेर गेले, नॅव्हिगेशनने बसवलेल्यांपैकी २ टक्के. आणि वेळ? एका स्क्रूला हाताने सरासरी ४.६ मिनिटं लागली, यंत्राच्या मदतीने २.४. यंत्राने खोळंबा होतो, ही तक्रार निदान तिथे तरी खोटी ठरली.

एवढं वाचून कुणी रोबोचाच हट्ट धरेल, तर २०१२ सालचा जर्मनीतला अभ्यासही वाचावा. ६० रुग्ण होते, अर्ध्यांचे स्क्रू रोबोच्या साहाय्याने बसवले होते. हा रोबो स्वतः शस्त्रक्रिया करत नाही, फक्त नळी ठरलेल्या कोनात धरून ठेवतो. ड्रिल सर्जनच्याच हातात असतं. निकाल उलटा लागला: हाताने ९३ टक्के स्क्रू ए किंवा बी दर्जाचे, रोबोने ८५ टक्के. संशोधकांचा संशय होता दोन गोष्टींवर: रोबोला रुग्णाशी जखडण्याची पद्धत, आणि हाडाच्या उतारावरून घसरणारं नळीचं टोक. बेत बरोबर होता, सुरुवातच सरकली. भिंतीला ड्रिल लावताना टोक टाइलवरून निसटतं, तेच इथे झालं. नंतरच्या यंत्रांनी रोबोचा हात आणि नॅव्हिगेशनचा कॅमेरा एकत्र आणले, ते उगाच नाही.

स्क्रू भिंतीबाहेर डोकावला म्हणून रुग्णाला त्रास होतोच असंही नाही. बहुतेक वेळा त्याला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून सीटीवरचे टक्के सुधारले, की तेवढ्याच प्रमाणात रुग्ण सुधारले, असा अर्थ जाहिरातीतून काढू नये. सरळ कणा, कमरेचे जाड खांब, अनुभवी हात असेल तर यंत्राचा फायदा थोडाच. पिळलेला कणा, आधी एकदा उघडलेली पाठ, छातीचे बारीक खांब, अशा ठिकाणी मात्र मी यंत्राच्या बाजूने आहे.

तेही डोळे मिटून नाही. पडद्यावरचं चित्र स्कॅन झाला त्या क्षणाचं असतं. त्यानंतर चौकटीला धक्का लागला, एखादा गोळा रक्ताने माखला किंवा चौकटीपासून चार-पाच मणके लांब काम सुरू झालं, तर चित्र तसंच शांत, स्वच्छ दिसत राहतं आणि हाड दुसरीकडेच असतं. छाती तर श्वासागणिक हलते. म्हणून जाणते सर्जन प्रत्येक स्क्रूआधी निमुळती सळई हाडाच्या एखाद्या ठळक टोकावर टेकवतात, नजर वर करून पडद्यावर तेच टोक दिसतंय का ते बघतात आणि नसेल तर हातातलं ड्रिल खाली ठेवून पुन्हा स्कॅन मागवतात.