'__पायकॅश__' फोल्डर आलं कुठून?

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतलं एखादं पॅकेज (तयार कोडचा गठ्ठा) इन्स्टॉल करून त्याची डिरेक्टरी उघडली की सोर्सच्या, म्हणजे माणसाने लिहिलेल्या कोडच्या, शेजारी '__पायकॅश__' नावाचं फोल्डर ठाण मांडून बसलेलं असतं. प्रोग्राम अजून एकदाही चालवलेला नसतो, तरीही.

पायथॉन सोर्स वाचून आधी त्याचा बाइटकोड (पायथॉनला थेट चालवता येईल असं रूप) बनवतो आणि मग तो चालवतो. दर वेळी हा खटाटोप नको म्हणून इम्पोर्ट झालेल्या (दुसऱ्या कोडने वापरायला घेतलेल्या) मॉड्यूलचा, म्हणजे कोडच्या फाइलचा, बाइटकोड डिस्कवर ठेवला जातो; हाच कॅश. त्यामुळे प्रोग्राम लवकर सुरू होतो, इतकंच. पुढे तो जोरात पळतो ही समजूत चुकीची, पण भारी चिवट.

पूर्वी 'हिशेब.पाय' या सोर्स फाइलला खेटूनच 'हिशेब.पायसी' ही बाइटकोडची फाइल पडायची. तिच्या तोंडाशी चार बाइटचा मॅजिक नंबर, म्हणजे बाइटकोड कोणत्या ढाच्याचा ते सांगणारी खूण, असतो. त्यातले शेवटचे दोन बाइट मुद्दाम कॅरेज रिटर्न आणि लाइन फीडचे (टेक्स्टमध्ये ओळ संपल्याच्या खुणांचे) ठेवलेत: कुणी फाइल टेक्स्ट समजून कॉपी केली, तर हेच बाइट बदलतात आणि बिघाड लगेच पकडला जातो. बाइटकोडचा ढाचा बदलला की हा नंबरही बदलतो. खरी कटकट तिथेच होती. एका मशीनवर पायथॉनच्या दोन आवृत्त्या असल्या, की एकीची पायसी दुसरी नाकारणार, नवी बनवून तिच्यावरच लिहिणार; मग पहिलीची पाळी. डेबियन-उबुंटू या लिनक्स सिस्टीमवाल्यांनी यावर सिमलिंकांचं (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या दुव्यांचं) जंजाळ उभं केलं होतं. अखेर बॅरी वॉर्सॉ यांनी पेप ३१४७ (पेप म्हणजे पायथॉनमधल्या बदलाचा प्रस्ताव) मांडलं आणि २०११ मध्ये पायथॉन ३.२ सोबत वेगळं फोल्डर आलं. फाइलच्या नावातच आवृत्ती आली: 'हिशेब.सीपायथॉन-३२.पायसी'. भांडण मिटलं.

पण मग इन्स्टॉल करतानाच का? कारण सिस्टीमच्या डिरेक्टरीत लिहायचा हक्क रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या युजरचा. साध्या युजरने प्रोग्राम चालवला तर पायथॉन कॅश लिहायला जातो, जमत नाही, आणि अवाक्षर न काढता पुढे जातो. परिणामी दर वेळी पुन्हा कंपाइल. म्हणून लिहायचा हक्क हातात असतो त्या वेळीच पिप (पायथॉन पॅकेज इन्स्टॉल करणारं साधन) हे काम उरकून घेतो (नको असेल तर 'नो-कंपाइल' पर्याय आहे), आणि डेबियनमध्ये पॅकेजची पोस्ट-इन्स्टॉल (इन्स्टॉलनंतर चालणारी) स्क्रिप्ट. ते राहून गेलं आणि नंतर कधी रूटने प्रोग्राम चालवला, तर पॅकेज मॅनेजरच्या यादीत नसलेल्या फाइली तयार होतात. पुढे पॅकेज काढताना 'डिरेक्टरी रिकामी नाही' अशी तक्रार येते ती यामुळेच.

नेहमीच्या पायसीत सोर्सची वेळ नोंदलेली असते, त्यामुळे तोच कोड दोनदा बिल्ड केला तरी फाइली जुळतीलच असं नाही. त्यासाठी ३.७ मध्ये वेळेऐवजी हॅशवर (सोर्सच्या मजकुरावरून काढलेल्या आकड्यावर) तपासणीची सोय झाली. आणि ज्यांना हे फोल्डर सोर्सच्या आसपासही नको, त्यांना ३.८ पासून सगळा कॅश दुसऱ्या डिरेक्टरीत वळवता येतो.