बंदुकीचा काउंटर आणि लष्करी जुना माल: एकाच दुकानातल्या दोन रीती

अमेरिकेतल्या अनेक लहान शहरांत बंदुका आणि सैन्याचा जुना माल एकत्र विकणारी दुकाने आढळतात. एका बाजूला वापरातून निघालेली जाकिटे, लोकरी ब्लँकेटे, पाठपिशव्या आणि काडतुसांचे रिकामे लोखंडी डबे असतात, तर दुसऱ्या बाजूला काचेच्या कपाटात पिस्तुले आणि मागच्या भिंतीवर रायफली मांडलेल्या असतात. मालक एकच आणि गल्लाही एकच असल्यामुळे नवखा ग्राहक दोन्हीकडे सारखाच वावरतो. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंच्या रीती जवळजवळ उलट आहेत. जुना माल हाताळून, उघडून, उलटसुलट करूनच घ्यायचा असतो. बंदुकीच्या काउंटरवर मात्र विचारल्याशिवाय हात पुढे करायचा नसतो.

जुन्या मालाच्या बाजूला संकोच करण्याचे कारण नाही. जाकीट अंगावर चढवून पाहावे, चेन वरखाली करावी, डब्याच्या झाकणाखालची रबरी पट्टी तडकलेली नाही ना हे तपासावे. एम-६५ या प्रसिद्ध जाकिटाच्या आतील चिठ्ठीवर छातीचे माप आणि उंची असे दोन्ही हिशेब दिलेले असतात, शिवाय खरेदी-कराराचा क्रमांकही असतो. तो 'डीएसए-१००-६८' असा सुरू होत असेल तर करार १९६८ सालचा आहे असे समजावे. 'डीएसए' ही सैन्यासाठी खरेदी करणारी सरकारी यंत्रणा १९७७ मध्ये 'डीएलए' झाली; त्यामुळे 'डीएलए' छापलेले जाकीट व्हिएतनाम युद्धातले असल्याचे कोणी सांगितले तर ते मान्य करू नये, पण काउंटरवर वादही घालू नये. फाटलेल्या किंवा डागाळलेल्या वस्तूची किंमत थोडी कमी होईल का, असे विचारण्यात काही वावगे नाही. एक पथ्य मात्र पाळावे: अशा दुकानांत काम करणारे पुष्कळदा स्वतः माजी सैनिक असतात, आणि त्यांना युद्धात काय काय पाहिले किंवा किती जणांना मारले असे विचारणे असभ्यपणाचे आहे.

काउंटरकडे वळल्यावर पहिला नियम दारातच लागू होतो. दुरुस्तीसाठी किंवा विकण्यासाठी स्वतःची बंदूक आणली असेल तर ती रिकामी करून पेटीत बंद ठेवूनच आत आणावी, आणि पेटी उघडण्यापूर्वी विक्रेत्याला सांगावे. पेटीचे झाकण न सांगता उघडणारा माणूस विक्रेत्याला क्षणभर तरी धोकादायक वाटतो, आणि त्याचे तसे वाटणे चुकीचे नाही.

पिस्तूल दाखवण्याची पद्धत एकदा नीट पाहावी. विक्रेता ते कपाटातून काढतो, नळी कोणाकडेही वळू न देता मॅगझिन, म्हणजे मुठीतली काडतुसांची पेटी, बाहेर काढतो, स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून अडकवतो, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसते त्या खोबणीत, डोकावतो आणि बहुधा बोट घालूनही खात्री करतो. मग उघड्या स्थितीतच, मूठ ग्राहकाकडे करून ते पुढे करतो. हे सर्व समोर घडलेले असले तरी ग्राहकाने चेंबर पुन्हा पाहायचे असते. त्यात विक्रेत्यावर अविश्वास दाखवल्यासारखे काही नाही. उलट असे पाहणाऱ्या ग्राहकाशी तो पुढे अधिक मोकळेपणाने बोलतो. नळीचे तोंड विक्रेत्याकडे, शेजारच्या ग्राहकाकडे किंवा स्वतःच्या डाव्या तळहाताकडेही जाता कामा नये; कुठे रोखून पाहू, असे सरळ विचारावे. चापावर बोट ठेवू नये आणि रिकामा चाप ओढायचा असल्यास परवानगी घ्यावी, कारण पॉइंट बावीस या लहान काडतुसाच्या बऱ्याच बंदुकांत रिकामा चाप ओढल्यास काडतुसावर आघात करणारी पिन चेंबरच्या कडेवर आदळून ती कड खराब होऊ शकते. स्लाइड धाडकन सोडू नये. परत देताना पिस्तूल मिळाले तसेच, उघडे ठेवून द्यावे. मुलांना पलीकडे हेल्मेट घालून पाहू द्यायला हरकत नाही. इथे त्यांचा हात धरलेला बरा.

या दोन बाजूंमधली सीमा एका ठिकाणी फसवी होते. मोसिन-नागांत किंवा एम-१ गॅरंडसारखी जुनी लष्करी रायफल ब्लँकेटांच्या शेजारच्या घोडीवर उभी असली आणि तिच्यावर 'सरप्लस', म्हणजे सैन्याचा जुना माल, अशी चिठ्ठी असली, तरी ती बंदूकच आहे आणि काउंटरचे सगळे नियम तिला लागू होतात. संघीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेल्या बंदुकांना पुरातन म्हणून सवलत आहे. पण केवळ दुसऱ्या महायुद्धातली आहे म्हणून कोणतीही रायफल त्या सवलतीत बसत नाही.

जाकिटाला पैसे दिले की व्यवहार संपतो. बंदुकीसाठी ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो आणि पूर्वेतिहासाची तपासणी होते. त्यासाठीची एफबीआयची यंत्रणा १९९८ पासून सुरू आहे. निकाल लांबला किंवा नकार आला तर विक्रेत्यावर चिडू नये, कारण नकाराचे कारण त्यालाही कळवले जात नाही. आपल्या मराठी कुटुंबांनी इथे विशेष सावध राहावे. वस्तू एकाने निवडावी आणि पैसे वडीलधाऱ्याने द्यावेत, ही आपल्याकडची सहज पद्धत. बंदुकीच्या बाबतीत मात्र खरा खरेदीदार कोण, हा अर्जातला शपथेवर उत्तर द्यायचा प्रश्न आहे. स्वतःच्या पैशाने घेऊन खरोखर भेट देणे कायदेशीर आहे, अर्थात घेणाऱ्याला बंदूक बाळगण्याचा हक्क असेल तरच. दुसऱ्याचे पैसे घेऊन त्याच्यासाठी स्वतःच्या नावावर खरेदी करणे हा गुन्हा आहे, आणि तो दुसरा माणूस स्वतः बंदूक घेण्यास पात्र असला तरी गुन्हा टळत नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले. म्हणून काउंटरवर आपसात मराठीत कुजबुजून एकाने बोट दाखवावे आणि दुसऱ्याने कार्ड पुढे करावे, असे होऊ देऊ नये. संशय आला तर विक्रेता विक्री नाकारतो, आणि त्याने नाकारणेच योग्य आहे.

एच-१बी किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्यांना, राज्याचा वैध शिकार-परवाना यांसारखे काही अपवाद वगळता, बंदूक किंवा काडतुसे घेण्यास व बाळगण्यास मनाई आहे. ग्रीन कार्डधारकांना ही आडकाठी नाही. भारतातून आलेल्या आईवडिलांना दुकान दाखवायला नेले असेल, तर ते केवळ पाहायला आले आहेत असे विक्रेत्याला आधीच सांगावे. जुन्या मालातले जाकीट ते खुशाल घेऊ शकतात. तिथेच टोपलीत दिसणारा निकामी हातबाँब मात्र आठवण म्हणून सामानात टाकू नये: विमानतळावरच्या नियमांनुसार हातबाँबची पोकळ किंवा नकली प्रतही हातातल्या सामानात चालत नाही आणि आत दिलेल्या बॅगेतही चालत नाही.