मधली रेषा पुसताना : पॅट समिट यांच्या ३८ वर्षांची पार्श्वभूमी

एप्रिल २०२४मध्ये अमेरिकेतल्या महिलांच्या कॉलेज बास्केटबॉलचा अंतिम सामना टीव्हीवर सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. पुरुषांच्या अंतिम सामन्याला त्या वर्षी त्याहून कमी प्रेक्षक होते. तिकडे असं पहिल्यांदाच घडलं. त्याचं श्रेय आयोवा विद्यापीठाची खेळाडू कॅटलिन क्लार्क हिला मिळालं आणि ते रास्तच आहे. पण ही गर्दी जमायला पन्नास वर्षं लागली आहेत, आणि त्यातली ३८ वर्षं एक बाई टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाची प्रशिक्षक म्हणून बाकाजवळ उभी होती.

पॅट समिट यांच्या नावापुढे १०९८ विजयांचा आकडा लिहिला जातो. त्या २०१२मध्ये थांबल्या तेव्हा कॉलेज बास्केटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत कुठल्याही प्रशिक्षकाच्या, पुरुष असो वा बाई, नावावर इतके विजय नव्हते. मला मात्र त्यांची कारकीर्द समजून घ्यायला वेगळाच आकडा महत्त्वाचा वाटतो : २५० डॉलर. १९७४मध्ये, वयाच्या २२व्या वर्षी, त्यांना मिळणारा हा महिन्याचा पगार. त्या पैशांत त्या संघाला शिकवायच्या, व्हॅन स्वतः चालवून खेळाडूंना परगावी न्यायच्या आणि घामाने भिजलेले गणवेश घरी आणून धुवायच्या. ते गणवेशही डोनट विकून जमवलेल्या पैशांतून आले होते. हॉटेलचा खर्च झेपत नाही म्हणून एकदा अख्खा संघ प्रतिस्पर्ध्यांच्याच जिममध्ये झोपला होता.

इतकी ओढाताण का होती, हे कळायला आणखी मागे जावं लागतं. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१मध्ये स्प्रिंगफिल्ड इथे हा खेळ काढला, आणि पुढच्याच वर्षी सेंडा बेरेनसन यांनी स्मिथ कॉलेजच्या मुलींना तो शिकवला. पण मुलींनी फार धावू नये, फार दमू नये, या तेव्हाच्या समजुतीपायी मैदानाचे तीन भाग केले आणि प्रत्येकीने आपल्याच भागात राहायचं असं ठरलं. पुढे त्यातून सहा जणींचा खेळ रुळला : तिघी एका अर्ध्यात फक्त बास्केट करणार, तिघी दुसऱ्या अर्ध्यात फक्त बचाव करणार. आपल्या कबड्डीत मध्यरेषा ओलांडण्यातच सगळी मर्दुमकी. इथे ती ओलांडली की फाऊल. कॉलेजच्या मुलींना पाच जणींचा, पूर्ण मैदानाचा खेळ मिळाला तो १९७१मध्ये.

समिट, म्हणजे माहेरच्या पॅट्रिशिया हेड, १९५२मध्ये टेनेसी राज्यातल्या क्लार्क्सव्हिल इथे जन्मल्या. घरी गाई आणि तंबाखूची शेती. दिवसाची कामं उरकली की तीन थोरल्या भावांबरोबर गवताच्या माळ्यावर खेळ रंगायचा. तिथे कुठली रेषा नव्हती, मुलगी म्हणून सवलतही नव्हती. गावच्या शाळेत मुलींचा संघ नाही म्हणून वडिलांनी बिऱ्हाडच शेजारच्या हद्दीत, हेन्रिएटाला हलवलं. कडक स्वभावाच्या त्या शेतकऱ्याने मुलीच्या खेळापायी घर बदललं, आणि या हकिकतीतला सर्वांत मोठा निर्णय मला तोच वाटतो. पुढे कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तिचा गुडघा निकामी झाला. डॉक्टर खेळ विसरा म्हणत होते, तेव्हा हिला ऑलिंपिकला जायचंय, गुडघा नीट करा, असं सांगणारेही वडीलच. १९७६मध्ये माँट्रिऑलला महिलांचं बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं आणि अमेरिकेने रौप्यपदक जिंकलं. त्या संघाच्या दोन कर्णधारांपैकी एक पॅट होत्या. तोवर टेनेसीत त्यांची प्रशिक्षकपदाची दोन वर्षं झालीही होती. पदव्युत्तर शिक्षणासाठी गेल्या असताना आधीच्या प्रशिक्षक रजेवर गेल्या आणि जबाबदारी यांच्या गळ्यात पडली. पहिलाच सामना मर्सर विद्यापीठाशी होता. तो ८४-८३ असा एका गुणाने गेला.

याच काळात कायदा बदलत होता. २३ जून १९७२ रोजी ‘टायटल नाइन’वर सही झाली : सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही. त्या मजकुरात खेळाचा उल्लेखही नव्हता. क्रीडाविभागांसाठीचे नियम १९७५मध्ये आले आणि त्यांना पुरुषांच्या खेळाची मक्तेदारी सांभाळणाऱ्या एनसीएए या संघटनेने विरोध केला. महिलांच्या स्पर्धा तेव्हा एआयएडब्ल्यू ही बायकांनी चालवलेली संघटना भरवायची. १९८२मध्ये एनसीएएने स्वतःची महिला स्पर्धा सुरू केली आणि एआयएडब्ल्यू संपली. पैसा आला, प्रतिष्ठा आली, पण कारभार बायकांच्या हातून गेला. १९७२मध्ये महिला संघांच्या ९० टक्क्यांहून जास्त प्रशिक्षक बायका होत्या. पगार वाढले तशी ती जागा पुरुषांना हवीशी झाली आणि हे प्रमाण निम्म्याखाली आलं. या उलट्या वाऱ्यात समिट टिकल्या. २००६मध्ये त्यांचा वार्षिक करार दहा लाख डॉलरच्या वर गेला. महिला कॉलेज संघाच्या प्रशिक्षकाच्या बाबतीत तोवर असं झालेलं नव्हतं.

कॉलेजात नियम बदलला तरी टेनेसीच्या शाळांत सहा जणींचाच खेळ चालू होता. अर्ध्या मैदानावर वाढलेली मुलगी पूर्ण मैदान कसं खेळणार आणि शिष्यवृत्ती कशी मिळवणार? एका शाळकरी खेळाडूने दावा लावला. १९७६मध्ये ती जिंकली, पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला. समिट यांनी शालेय क्रीडा संघटनेकडे बदलाचा आग्रह धरला आणि १९७९मध्ये तिथली रेषा गेली. क्लार्कच्या आयोवात ती १९९३पर्यंत होती.

पहिलं राष्ट्रीय विजेतेपद सहज आलं नाही. सात वेळा शेवटच्या चार संघांत पोचून हात रिकामे राहिले. आठव्या खेपेला, १९८७मध्ये, लुइझियाना टेक विद्यापीठाला ६७-४४ असं हरवलं. मग १९८९, १९९१, लागोपाठ १९९६, ९७, ९८ आणि शेवटी २००७, २००८ : एकूण आठ. १९९७-९८चा संघ ३९ सामन्यांत एकदाही हरला नाही. १९८४मध्ये त्यांच्या हाताखाली अमेरिकेने ऑलिंपिक सुवर्णही जिंकलं. वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचं, विनाकारण तास बुडवायचा नाही, हा त्यांचा दंडक होता. आणि टेनेसीत खेळण्याची मुदत पूर्ण केलेली त्यांची प्रत्येक खेळाडू पदवी घेऊनच बाहेर पडली. १०९८ विजय पुढे इतरांनी मागे टाकले, पण हा हिशेब मला त्याहून भारी वाटतो.

त्यांच्या हट्टाची एक हकिकत तिकडे घरोघरी ठाऊक आहे. सप्टेंबर १९९०मध्ये दिवस भरत आलेले असताना त्या मिशेल मार्सिनियाक या खेळाडूला आपल्या संघात बोलवायला पेनसिल्व्हेनियात तिच्या घरी गेल्या आणि तिथेच कळा सुरू झाल्या. परतीच्या वाटेवर वैमानिक व्हर्जिनियात उतरू म्हणत होते. त्यांनी नकार दिला. त्या वर्षी व्हर्जिनियाच्या संघाने त्यांना हरवलं होतं! मुलगा टायलर विद्यापीठाच्या गावी, नॉक्सव्हिललाच जन्मला. मार्सिनियाक आधी दुसरीकडे गेली, मग टेनेसीत आली आणि १९९६च्या अंतिम फेरीत सर्वोत्तम खेळाडू ठरली.

ऑगस्ट २०११मध्ये, ५९व्या वर्षी, अकाली अल्झायमर झाल्याचं समिट यांनी स्वतःच जाहीर केलं. तरीही तो हंगाम त्यांनी पूर्ण केला. सहकारी बरोबरीने भार उचलत होते, प्रेक्षक दर सामन्याला उभे राहत होते. एप्रिल २०१२मध्ये त्यांनी पद सोडलं. २८ जून २०१६ रोजी त्या गेल्या.

त्यांची जागा घेतली हॉली वॉरलिक यांनी. त्या २७ वर्षं समिट यांच्या सहायक होत्या आणि त्याआधी त्यांच्याच खेळाडू. १९७६मध्ये वॉरलिक टेनेसीच्या संघात आल्या, तेव्हा त्या राज्यातल्या शाळांच्या मैदानांवर मधली रेषा अजून होती.