आधी अर्थ, मग नियम: ऐकत-वाचत जर्मन शिकण्यामागची पार्श्वभूमी

वर्ग लावायचा नाही, व्याकरणाच्या तक्त्यांपासून सुरुवात करायची नाही. रोज जमेल तितकं जर्मन ऐकायचं, वाचायचं आणि अर्थ लागत गेला की भाषा मुरत जाते यावर भरवसा ठेवायचा. स्वतःच्या बळावर जर्मन शिकणाऱ्यांमध्ये ही पद्धत आता चांगलीच रुजली आहे. ती पॉडकास्ट आणि यूट्यूबच्या काळात जन्मली असा अनेकांचा समज असतो, पण कल्पना बरीच जुनी आहे. गेल्या दोनशेहून जास्त वर्षांत ती निरनिराळ्या माणसांना सुचली आणि दर वेळी एकाच ठिकाणी अडली. समजेल असा मजकूर आणि कानावर पडेल असा आवाज, ही दोन्ही एकट्या माणसाच्या हाती एकत्र येत नव्हती.

या इतिहासातल्या दोन गोष्टी एकाच शहरात, हॅम्बुर्गमध्ये घडल्या. त्या शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या की पुढचं बरंचसं उलगडतं.

१७९८ मध्ये जेम्स हॅमिल्टन नावाचा इंग्रज व्यापारी हॅम्बुर्गला आला. त्याला जर्मन येत नव्हतं. फ्रान्सहून परागंदा होऊन तिथे राहिलेल्या दांजेली नावाच्या सेनाधिकाऱ्याकडे तो शिकायला गेला. दांजेलीने व्याकरणाचं पुस्तक काढलंच नाही. त्याने जर्मन किश्शांचा संग्रह उघडला आणि शब्दागणिक अर्थ सांगत, वाक्याची फोड करत तो वाचायला घेतला. बाराएक पाठांनंतर हॅमिल्टनला सोपं जर्मन पुस्तक वाचता यायला लागलं. पुढे अमेरिकेत जाऊन त्याने हीच रीत शिकवण्याचा व्यवसाय केला. मूळ ओळ वर आणि तिचं शब्दशः भाषांतर खाली, अशी त्याची पुस्तकं बरीच खपली. त्यांच्यावर टीकाही भरपूर झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रांस्वा ग्वाँ हा लॅटिनचा फ्रेंच शिक्षक त्याच शहरात उतरला. त्याला जर्मन विद्यापीठात शिकायचं होतं. त्याने खोली गाठली, दार लावलं आणि दहा दिवसांत जर्मन व्याकरण पाठ केलं. त्यातली २४८ अनियमित क्रियापदंही सोडली नाहीत. मग मोठ्या उमेदीने व्याख्यान ऐकायला गेला आणि त्याला एक शब्दही कळला नाही. परत येऊन त्याने धातू पाठ केले. तरी तेच. गटे आणि शिलर शब्दकोश घेऊन भाषांतरित करायला बसला, तेही फळलं नाही. शेवटी तर त्याने शब्दकोशच पाठ केला, महिनाभरात सुमारे ३०,००० शब्द. डोळे दुखायला लागले, पण समोरचा माणूस काय बोलतोय ते कळेना.

सुट्टीत घरी गेल्यावर त्याने आपल्या तीनएक वर्षांच्या पुतण्याला पाहिलं. ग्वाँ निघाला तेव्हा जेमतेम शब्द बोलणारा तो पोर आता वाक्यांमागून वाक्यं बोलत होता. एके दिवशी त्याला पिठाची गिरणी दाखवून आणली. घरी आल्यावर त्याने खेळातली गिरणी मांडली आणि पोतं भरलं, उचललं, ओतलं, चाक फिरलं, असं एकेक कृतीसोबत बोलत राहिला. ग्वाँला यात उत्तर दिसलं. माणूस सुटे शब्द शिकत नाही, घडणाऱ्या गोष्टी शिकतो, आणि शब्द त्या गोष्टींना चिकटून येतात. १८८० मध्ये त्याने ही पद्धत पुस्तकरूपाने मांडली.

दोघेही एकाच शहरात, जर्मन बोलणाऱ्या माणसांमध्ये होते. एकाला पुढ्यातला मजकूर कळत होता, दुसऱ्याला कळत नव्हता. भाषेच्या मुलखात जाऊन राहिलं की भाषा येते, हे अर्धसत्य आहे. ती कळणं ही अट त्यातून वगळता येत नाही, आणि ऐकत-वाचत शिकण्याचा सगळा इतिहास खरं तर ही अट पुरी कशी करायची याचाच इतिहास आहे.

मुळात व्याकरणाला पहिला मान मिळाला कसा? आधी तसं नव्हतं. परभाषिकांसाठी जर्मन शिकवण्याचं सर्वांत जुनं ज्ञात पुस्तक १४२४ चं, व्हेनिसमधलं आहे. न्यूर्नबर्गच्या गेओर्ग नावाच्या शिक्षकाने ते तिथल्या व्यापाऱ्यांसाठी तयार केलं आणि त्यात विषयवार शब्दांबरोबर सौद्याचे, कापडाच्या घासाघिशीचे संवाद आहेत. १६५८ मध्ये न्यूर्नबर्गलाच कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाचं चित्रांचं पुस्तक छापलं गेलं. चित्र, शेजारी लॅटिन आणि जर्मन मजकूर, अशी त्याची रचना होती. पुढे शाळांमध्ये जिवंत भाषाही लॅटिनच्या साच्यात ओतल्या गेल्या. नियम, अपवाद, भाषांतराची सुटी वाक्यं. मायडिंगरचं १७८३ चं फ्रेंच व्याकरण आणि प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यातली गिम्नाझियुम म्हणजे माध्यमिक शाळांची व्यवस्था यांनी ही रीत घट्ट केली. परीक्षा घ्यायला ती सोयीची होती आणि शिक्षकाला स्वतः ती भाषा बोलता आली नाही तरी चालत होतं. माझ्या मते ती एवढी टिकली ती या दुसऱ्या कारणामुळे.

तिच्यावर घणाघात जर्मनीतूनच झाला. १८८२ मध्ये विल्हेल्म फिएटर या भाषातज्ज्ञाने टोपणनावाने पत्रक काढून भाषाशिक्षणाने दिशा पालटली पाहिजे अशी मागणी केली. बोलली जाणारी भाषा आधी, सलग मजकूर आधी, नियम त्यातून नंतर. १८८६ मध्ये पॅरिसमध्ये ध्वनिवैज्ञानिकांची संघटना उभी राहिली आणि उच्चार कागदावर उतरवण्याची लिपी तयार झाली. त्याआधीच, १८७८ मध्ये, व्युर्टेम्बर्गमध्ये जन्मलेल्या माक्सिमिलियान बर्लित्स यांनी अमेरिकेत फक्त शिकायच्या भाषेतच शिकवणारी शाळा काढली होती. हे सगळं महत्त्वाचं होतं, पण त्यासाठी शिक्षक लागत होता. घरी एकटा बसून शिकणारा यात कुठे बसत नव्हता.

त्याच्यासाठी १८५६ मध्ये बर्लिनमध्ये गुस्टाव लांगेनशाइट आणि चार्ल्स तुसँ यांनी पत्रांतून फ्रेंच शिकवायला सुरुवात केली. प्रत्येक हप्त्यात सलग मजकूर, ओळीखाली अर्थ आणि उच्चाराच्या खुणा. प्रकाशक मिळेना म्हणून लांगेनशाइट यांनी स्वतःच प्रकाशनाचा घाट घातला आणि त्यातून शब्दकोशांचं ते प्रसिद्ध घराणं उभं राहिलं. तरी कागदावरच्या खुणांमधून आवाज निघत नाही.

आवाजासाठी लोक काय काय करत ते हाइनरिश श्लीमान यांच्याकडे पाहून कळतं. ट्रॉयचं उत्खनन करणारे हेच ते. १८४० च्या दशकात आम्सटरडॅममध्ये कारकुनी करताना ते इंग्रजी शिकत होते. दर रविवारी दोनदा ते इंग्रजी चर्चमध्ये जात आणि प्रवचन ऐकताना प्रत्येक शब्द हळू आवाजात स्वतःशी म्हणत. रशियनला शिक्षक मिळाला नाही, तेव्हा एका फ्रेंच कादंबरीचं रशियन भाषांतर त्यांनी मोठ्याने म्हणून पाठ केलं. ऐकायला कुणीतरी हवं म्हणून एका गरीब माणसाला आठवड्याला पैसे देऊन समोर बसवलं. त्याला रशियनचं अक्षर कळत नव्हतं. आवाजाचा त्रास होतो अशा शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे त्यांना दोनदा बिऱ्हाड हलवावं लागलं. जिद्द मोठी होती, पण त्या जिद्दीचा मोठा वाटा आज कानात घातलेल्या हेडफोनने भागतो अशा गोष्टीवर खर्च झाला.

एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. लिंग्वाफोन कंपनी १९०१ मध्ये लंडनमध्ये सुरू झाली आणि भाषेचे पाठ आवाजासकट घरी पोचू लागले. जर्मनपुरतं बोलायचं तर त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट घडली होती. तेओडोर झीप्स यांनी १८९८ मध्ये रंगभूमीसाठी प्रमाण उच्चारांचं पुस्तक काढलं. दक्षिणेतल्या बायर्नपासून उत्तरेतल्या हॅम्बुर्गपर्यंत बोली इतक्या वेगळ्या होत्या की 'जर्मन ऐका' म्हणजे नक्की कुणाचं ऐका, हा प्रश्नच होता. २९ ऑक्टोबर १९२३ ला बर्लिनमधून नियमित रेडिओ प्रसारण सुरू झालं, तेव्हा निवेदकांकडे समान उच्चारांचा एक नमुना तयार होता. १९५३ मध्ये डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेचं परदेशांसाठीचं प्रसारण सुरू झालं. सावकाश वाचलेल्या बातम्या आणि शेजारी त्यांचा शब्दन्‌शब्द मजकूर, ही डॉइच वेलेची सेवा स्वतः शिकणाऱ्यांनी जितकी वापरली तितकी क्वचितच दुसरी कुठली वापरली असेल.

वाचनाच्या वाटेत वेगळाच अडथळा होता. जर्मन पुस्तकं दीर्घकाळ फ्राक्टुर या टोकदार वळणाच्या अक्षरांत छापली जात. परदेशी वाचकाला भाषेआधी ती अक्षरं लावावी लागत. नाझी राजवटीने जानेवारी १९४१ मध्ये आदेश काढून ती बंद केली आणि रोमन वळण आलं. त्यानंतरचा मोठा बदल १९९६ चा, शुद्धलेखनाचा. जालावर फुकट मिळणारी बहुतेक साहित्यकृती स्वामित्वहक्क संपलेली, म्हणजे जुनी असते. त्यामुळे त्यात जुनी स्पेलिंगं दिसतात आणि नवखा वाचक उगाच गोंधळतो.

सोपी पुस्तकं मुद्दाम तयार करण्याचा विचार विसाव्या शतकात जोर धरू लागला. बंगालमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या मायकल वेस्ट यांच्या लक्षात आलं की पानावर नवे शब्द फार दाटीने आले की वाचन मोडतं. त्यांनी नवे शब्द विरळ पेरून वाचनमाला लिहिल्या. जर्मनसाठी हेच काम शिकागो विद्यापीठातल्या पेटर हागबोल्ट यांनी १९३० च्या दशकात केलं. नेमक्या शब्दसंख्येवर बेतलेल्या छोट्या पुस्तिका, प्रत्येक पुढची थोडी अवघड. या पायऱ्या न चढता थेट कादंबरी हाती घेणारेही होते. हंगेरीच्या दुभाषी कातो लोम्ब कादंबऱ्या वाचून भाषा शिकल्या आणि न कळलेल्या शब्दांसाठी थांबायचं नाही असं निक्षून सांगत राहिल्या. हा सल्ला धीराच्या वाचकाला लागू पडतो. प्रत्येक ओळीत तीन शब्द अडणाऱ्या नवशिक्याने तो पाळला तर त्याचा ग्वाँ होतो.

या सगळ्या अनुभवाला सिद्धांताचं रूप दिलं ते अमेरिकेतले स्टीफन क्रॅशन यांनी, १९८० च्या आसपास. भाषा कळलेल्या संदेशातून येते, आणि तो संदेश आपल्या पातळीच्या किंचित वर असावा लागतो, हे त्यांचं सूत्र. व्याख्यानात ते याचं प्रात्यक्षिक जर्मनमध्येच देत. आधी जर्मन न येणाऱ्या श्रोत्यांसमोर भराभर जर्मन बोलत आणि कुणालाच काही कळत नसे. मग स्वतःचा हात दाखवत, फळ्यावर चेहरा काढून डोळे आणि कान दाखवत बोलत, आणि सभागृहाला चक्क जर्मन कळू लागे.

विरोधही लगेच झाला आणि तो नीट समजून घ्यावा असा आहे. कॅनडात १९६५ पासून इंग्रजी घरातली मुलं फ्रेंच माध्यमाच्या वर्गात शिकत होती. वर्षानुवर्षं ऐकून-वाचून त्यांची समज उत्तम झाली, पण बोलण्यात लिंग आणि क्रियापदांच्या चुका राहिल्याच. १९८५ मध्ये मेरिल स्वेन यांनी यावरून म्हटलं की स्वतः वाक्य तयार करायला लागल्याशिवाय भाषेचे काही कोपरे उजळत नाहीत. जर्मनमध्ये हे विशेष खरं आहे. नामाआधी येऊन विभक्ती दाखवणारे 'देम' आणि 'देन' हे शब्द भरभर बोलण्यात जवळपास सारखे ऐकू येतात, आणि विभक्ती चुकली तरी बहुतेकदा अर्थ लागतो. अर्थ लागला की कान पुढे जातो. म्हणून हजारो तास ऐकूनही विभक्तीचे प्रत्यय ढिले राहू शकतात. इथे तक्त्यावर एकदा नजर टाकून मग पुन्हा वाचायला बसलेला माणूस लवकर पुढे जातो, आणि व्याकरणाला हातच लावायचा नाही हा आजच्या काहींचा हट्ट मला पटत नाही.

उलट लिंगाच्या बाबतीत ऐकण्याला पर्याय नाही. टेबल 'ते' आणि खुर्ची 'ती', हे मराठी माणूस नियमाने शिकत नाही. नामाचं लिंग दाखवणारे देर, दी, दास हे शब्दही तसेच नामाला चिकटून कानात बसावे लागतात. 'आनरूफेन' म्हणजे फोन करणं, या क्रियापदाचा 'रूफ' हा भाग वाक्यात सुरुवातीच्या बाजूला येतो आणि त्याचा तुटलेला तुकडा 'आन' थेट शेवटी येतो. तोवर वाक्य कानात धरून ठेवण्याची सवय ऐकूनच लागते. आणि नुसतं वाचणं तरी पुरेल का? कथा-कादंबऱ्यांत भूतकाळ एका रूपात येतो, रोजच्या बोलण्यात, विशेषतः दक्षिणेत, बहुधा दुसऱ्या. केवळ पुस्तकांवर वाढलेला माणूस बोलायला लागला की छापील वाटतो, तो यामुळे.

इंटरनेटवर या धाग्यांची मोट बांधली गेली ती २००५ नंतरच्या काही वर्षांत. 'ऑल जॅपनीज ऑल द टाइम' या नावाने जपानी शिकणाऱ्यांत एक चळवळ उभी राहिली. दिवसभर फक्त तीच भाषा ऐकायची आणि भेटलेली वाक्यं कार्डांवर उतरवून घोकायची. जर्मन शिकणाऱ्यांनी ती जशीच्या तशी उचलली. कार्डांसाठी २००६ मध्ये अँकी हे संगणकावरचं साधन आलं. त्यामागची कल्पना मात्र जर्मनीतलीच आहे. मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये विसरण्याचा वेग मोजला आणि सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ मध्ये कप्प्यांच्या खोक्यातून शब्द फिरवण्याची रीत लोकप्रिय केली. शब्दावर क्लिक केलं की अर्थ दाखवणारी वाचन-साधनंही याच काळात आली. पानावर ओळीखाली छापलेलं भाषांतर आता हवं तेव्हा उघडता आणि झाकता येऊ लागलं.

जर्मनची आणखी एक अनुकूलता म्हणजे डबिंग. जर्मनीत परदेशी चित्रपट आणि मालिका सर्रास जर्मन आवाजात दाखवल्या जातात. ज्या मालिकेची कथा आधीच पाठ आहे ती जर्मनमध्ये पाहिली की अर्थाचा अर्धा भार हलका होतो, शिवाय डबिंगचे उच्चार स्वच्छ असतात. त्यातून खऱ्या घरगुती गप्पांकडे वळताना मात्र धक्का बसतो, कारण तिथे निम्मे स्वर गिळलेले असतात. २०२४ पासून टागेसशाउ ही जर्मनीची मुख्य बातमीपत्राची सेवा सोप्या भाषेतही बातम्या देते. त्या जर्मनीत राहणाऱ्या, पण ज्यांना अवघड भाषा जड जाते अशा लोकांसाठी आहेत, पण परदेशी शिकणाऱ्यांना त्यांचा आयता फायदा झाला.

नवशिक्यांसाठी आज साहित्याची कमतरता नाही. प्रवीण वाचकासाठी तर ती कधीच नव्हती. तोकडं पडतं ते मधल्या टप्प्यावर. सोप्या पुस्तिका संपल्या आहेत आणि वर्तमानपत्राचा अग्रलेख अजून जड जातो, अशा वाचकाला किशोरांसाठीच्या कादंबऱ्या, आवडत्या विषयावरचे माहितीपट आणि ध्वनिपुस्तकासोबत वाचायची एखादी रहस्यकथा यांवर कित्येक महिने काढावे लागतात, आणि पद्धत सोडून देणारे बहुतेक जण याच टप्प्यावर सोडतात.